क्षमा आणि फिर्याद

वारकऱ्याला कोणी फसविले तर तो पुष्कळदा म्हणतो, "जाऊ द्या माउली, विठोबा बघून घेईल." भक्तनिवासाची खोली देतो म्हणून कोणी फोनवर आगाऊ पैसे उकळले, अन्नदानाच्या नावाने वर्गणी लाटली, किंवा पोलिस असल्याची बतावणी करून 'डिजिटल अटके'चा धाक घातला, तरी माणूस गप्प बसतो. या गप्प बसण्याला क्षमा म्हणावे काय?

दाखला तुकोबारायांचा देतात. त्यांनी सावकारीची खते इंद्रायणीत बुडविली. पण महिपतिबोवांनी सांगितलेली ती कथा नीट ध्यानात घ्या. आधी खतांच्या दोन वाटण्या झाल्या. धाकटे बंधू कान्होबा यांचा अर्धा वाटा त्यांच्या हाती दिला. पाण्यात सोडला तो तुकोबांनी स्वतःचा. दुसऱ्याच्या वाट्याचे सोडून देण्याचा हक्क संतांनीही घेतला नाही!

आता ठकाकडे पाहा. आज त्याने आपल्याला लुबाडले, उद्या तो एखाद्या म्हातारीला लुबाडणार. आपले पैसे आपण खुशाल सोडावेत. पण गप्प बसलो की तिचेही आपणच परस्पर सोडून दिले. ही क्षमा कसली?

कोणी म्हणेल, फिर्याद म्हणजे वैर. तसे नव्हे. मनातला राग टाकावा आणि घडले तेवढे चौकीत सांगावे. दोन्ही एकदम साधते. गावभर नाव घेऊन बदनामी करण्यात राग असतो, पुराव्यानिशी योग्य ठिकाणी सांगण्यात नसतो. खरे म्हणजे पुष्कळांच्या क्षमेआड लाज दडलेली असते, 'लोक हसतील' ही. अहो, लाज ठकविणाऱ्याने धरावी!

मार्ग अवघड नाही. पैसे फोनवरून किंवा बँकेतून गेले असतील तर ताबडतोब १९३० या क्रमांकावर आणि बँकेला कळवावे. वेळेवर कळले तर रक्कम खात्यातच अडविता येते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेप्रमाणे दखलपात्र गुन्ह्याची खबर कोणत्याही ठाण्यात देता येते. गुन्हा पंढरपुरात घडला आणि आपण परभणीचे, तरी हद्दीची अडचण नाही. आणि फोनवरून अटक करण्याची सोय कोणत्याही कायद्यात नाही, हे घरातल्या वडीलधाऱ्यांस जरूर सांगावे.

आपले गेले ते विठ्ठलचरणी वाहावे; शेजाऱ्याचे जाऊ न देणे हीही त्याचीच सेवा.

॥ रामकृष्ण हरि ॥