वाचून फाडून टाकजो

दुसऱ्याचं पत्र वाचू नये, हा संस्कार आमच्या नांदगाव खंडेश्वरात फक्त पाकिटाला लागू होता. कार्ड आधी पोस्टमन वाची, मग ओसरीवर टेकलेला पाहुणा, आणि उरलंसुरलं मालकाच्या हाती येई. "काहून वहिनी, पोरगी सासरी रुसली म्हन्ते?" असं विहिरीवर कुणी विचारलं, तरी त्यात कुणाला वावगं वाटत नसे.

तेच पत्र पुठ्ठा बांधून, किंमत छापून दुकानात आलं, की वाचणारा एकदम रसिक ठरतो! फ्रान्समधल्या मादाम द सेव्हिन्ये या उमराव घराण्यातल्या बाई. 1671 साली लेक नवऱ्याकडे प्रोव्हान्सला गेली आणि आईने पत्रांचा सपाटा लावला. दरबारातल्या भानगडी, आणि मधूनच प्रकृतीला जपण्याचा उपदेश. आई म्हटली की तो आलाच. बाई 1696 साली गेल्या. पत्रं पुढे छापली गेली, वाङ्मय झाली. लेकीची उत्तरं मात्र नातीने नष्ट केली. त्या नातीला जग नावं ठेवतं. मला तिचा थोडा आदर वाटतो.

आमच्या वऱ्हाडात दोन्ही बाजू छापल्या गेल्या. अमरावतीच्या कुसुमावती आणि मूर्तिजापूरचे कवी अनिल यांची लग्नाआधीची पत्रं 'कुसुमानिल' म्हणून 1972 साली आली. कुसुमावतीबाई 1961 सालीच गेलेल्या. बाई समीक्षक; दुसऱ्याचं लिहिणं तोलून घेणाऱ्या. स्वतःच्या पत्रांतली एखादी ओळ खोडायला मात्र त्या नव्हत्या. पुस्तक सुंदर आहे, मी दोनदा वाचलं. दोन्ही वेळा दार लोटून घेतलं होतं, हे विशेष.

तर मुद्दा असा, की पत्र कुणाचं? लिहिणाऱ्याचं, का जपणाऱ्याचं? आईच्या ट्रंकेत मावशीच्या पत्रांचा गठ्ठा आहे. मावशीला सासर कसं होतं ते सगळ्यांना ठाऊक, पण कुणी बोललं नाही. वरच्या पत्राची शेवटची ओळ घडीबाहेर दिसते: 'वाचून फाडून टाकजो.' आईने एकही फाडलं नाही. आता दोघीही नाहीत. मावशीची नात म्हणते, "मामा, आजी कशी जगली ते मला कळायला नको का?" तिचं चुकतं असं कसं म्हणू? आणि मावशीचं तरी कुठे चुकलं होतं?

बायको म्हणते, "निदान दोरी तर सोडा, शाई उडाली का बघा." गाठ आईने मारलेली, पक्की आहे. कसर लागू नये म्हणून दर उन्हाळ्यात गठ्ठा अंगणात उन्हाला ठेवतो, आणि वारा सुटला तर म्हणून शेजारी बसून राहतो.