चालकाचा नकार

इन्सुलीच्या तपासणी नाक्यावर गोवा बनावटीची दारू पकडली, ट्रक जप्त, चालक ताब्यात. ही बातमी बांदा परिसरातील आपण माणसे इतक्या वेळा वाचतो की आता ती वाचतच नाही. डोळे तिच्यावरून पुढच्या मथळ्याकडे सरकतात. कधी खोकी दुसऱ्या मालाखाली दडविलेली असतात, कधी हौद्यात चोरकप्पा केलेला असतो. तपशील बदलतो, शेवटचे दोन शब्द तेवढे बदलत नाहीत. मालकाचे नाव त्या बातमीत बहुधा नसते. तो नाक्यावर नव्हताच.

आज या विषयाकडे वळण्याचे निमित्त मात्र दारूचे नाही, शिक्षणाचे आहे. आमच्या धर्मग्रामातील काही तरुणांनी अवजड वाहन चालविण्याच्या प्रशिक्षणासाठी साहाय्यनिधीतून फी मिळावी, अशी विनंती केली आहे. विनंती रास्त आहे. आपल्या कुटुंबांतील मुले बोटीवर गेली, आखातात गेली. आता घराजवळचीही एक वाट त्यांना दिसू लागली आहे. झारापपासून पत्रादेवीपर्यंतचा चौपदरी महामार्ग आपल्या दारावरून जातो. सीमेपलीकडे मोपाचा विमानतळ जानेवारी २०२३ पासून सुरू झाला आहे. बेळगावची भाजी, चिरा, वाळू, सिमेंट, मासळी, एके काळी तेरेखोलच्या पाण्यावरून गलबतांनी आणलेला बांद्याचा सारा व्यापार आज चाकांवर चालतो. व्यावसायिक वाहनाच्या परवान्यासाठी आठवी उत्तीर्ण असण्याची अट २०१९ साली केंद्र शासनाने काढून टाकली, तेव्हा देशात सुमारे २२ लाख चालकांची उणीव असल्याचे सांगितले गेले होते. तेव्हा हाताला काम मिळेल, याविषयी शंका नको. आमचा प्रश्न त्यापुढचा आहे. ही फी देऊन आपण त्या मुलाला नेमके काय शिकविणार आहोत?

पूर्वी ही विद्या वर्गात मिळत नसे. पोरगा क्लीनर म्हणून गाडीवर चढे. काच पुसणे, टायरवर कांब आपटून आवाजावरून हवा ओळखणे, चढावर गाडी थांबली की चाकाखाली दगड सरकविणे, ताडपत्रीची दोरी आवळणे आणि उस्तादाचा चहा आणणे, यांत वर्षे जात. मग एखाद्या पहाटे, रिकाम्या रस्त्यावर, स्टिअरिंग हाती येई. उस्ताद चांगला असला तर घाट उतरताना गिअर खालचा ठेवावा, साऱ्या ओझ्याचा भार ब्रेकवर टाकू नये, हे तो शिष्याच्या अंगात भिनवी. उस्ताद तसा नसला तर झोप आवरण्यासाठी काय चघळावे, तेही भिनवी. गुरुकुलाचे गोडवे गाणाऱ्यांनी ही दुसरी बाजू विसरू नये. आता क्लीनर ठेवणे अनेक मालकांना परवडत नाही आणि ती परंपरा आटत चालली आहे.

तिची जागा घेण्यासाठी शासनाने नियम केले आहेत. व्यावसायिक वाहन चालविण्यास वयाची २० वर्षे पूर्ण हवीत, हलक्या वाहनाचा परवाना किमान एक वर्ष जुना हवा. २०२१ च्या जुलैपासून मान्यताप्राप्त प्रशिक्षण केंद्रांची योजना लागू झाली. त्यांत अवजड वाहनाचा अभ्यासक्रम ६ आठवड्यांत ३८ तासांचा आहे आणि रस्त्यावरील इतरांशी सौजन्याने, नीतीने वागण्याचे धडेही त्यात घातले आहेत. ही चांगली गोष्ट आहे. व्हॅटिकननेही २००७ साली रस्त्यावरील सेवाकार्याविषयी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली होती. वृत्तपत्रांनी त्या दस्तऐवजातील चालकांसाठीच्या दहा आज्ञा तेवढ्या उचलल्या आणि चार दिवस गंमत म्हणून छापल्या. बाकीचा मजकूर कोणी वाचला असेल असे वाटत नाही.

परंतु सौजन्याचे हे धडे रस्त्यावरच्या वागणुकीचे आहेत. चालकाच्या नैतिक जीवनातील अवघड क्षण बहुधा रस्त्यावर येतच नाहीत. ते गाडी सुरू होण्यापूर्वी येतात. हौद्यात दोन टन जास्त भरलेले त्याला दिसते. कालची रात्र जागून काढलेली त्याला ठाऊक असते. ताडपत्री त्याच्या येण्यापूर्वीच बांधून झालेली असते, हाती बिल्टी दिली जाते, आणि 'तू फक्त गाडी ने' असे सांगितले जाते. त्या घटकेला त्याला जे कौशल्य लागते ते कोणत्याही केंद्रात शिकवीत नाहीत. ते म्हणजे नाही म्हणण्याचे कौशल्य.

सेमिनरीत नीतिशास्त्र शिकताना आम्हांला एक नोकर भेटला होता. मालक दुष्कर्मासाठी परक्या घराच्या खिडकीतून चढतो आहे आणि हा त्याला खांदा देतो, शिडी आणून देतो, दार उघडतो. मोठ्या नुकसानीच्या भीतीने, म्हणजे मालक छळेल, रागाने पाहील किंवा घराबाहेर काढील या भीतीने तो हे करीत असेल तर ते गंभीर पाप नव्हे, असे काही पंडितांचे मत होते. १६७९ साली पोप इनोसंट अकरावे यांनी ज्या ६५ मतांचा निषेध केला, त्यांत हे एक होते. पुढे संत आल्फान्सस लिगोरी यांनी याच नोकराचा पुन्हा विचार केला आणि दुष्कृत्यात मनाने सामील होणे व भयापोटी केवळ हाताने साहाय्य होणे यांतील भेद उलगडून दाखविला. साहाय्य दुष्कृत्याच्या किती जवळचे आहे आणि भीती किती खरी आहे, हे तोलून पाहावे लागते. या साऱ्याचा त्या वयात आम्हांला कंटाळा येई. खिडकी कुठली, शिडी कुठली! बांद्याच्या महामार्गावर तो नोकर रोज भेटेल, असे तेव्हा वाटले नव्हते.

खोक्यांत काय आहे हे ज्याला ठाऊक आहे आणि त्या खेपेचे जादा पैसे जो खिशात घालतो, त्याच्याविषयी बोलण्यासारखे फारसे नाही. तो मालकाचा भागीदार आहे. ज्याला खरोखरच ठाऊक नाही, तो निर्दोष आहे, मग पोलिसांनी त्याला कुठेही बसविलेले असो. या दोहोंच्या मधला माणूस आम्हांला छळतो. तो विचारीतच नाही. विचारले तर कळेल, आणि कळले तर नकार द्यावा लागेल, म्हणून तो ताडपत्रीकडे पाहत नाही. असे मुद्दाम जोपासलेले अज्ञान दोष कमी करीत नाही, उलट वाढवू शकते, हे संत थॉमस अक्वायनस यांनी सांगून ठेवले आहे. हे आम्ही व्यासपीठावरून सांगू शकतो, पापनिवेदनाच्या वेळीही सांगतो. पण विशीतल्या मुलाला हे सांगून त्याच्या शिरावर हात ठेवला की आपले काम झाले, असे आम्हांला वाटत नाही. ज्याच्या घरची चूल त्या खेपेवर पेटते त्याच्याकडून धैर्याची अपेक्षा करायची आणि ज्याच्या हाती किल्ल्या आहेत त्याला काहीच विचारायचे नाही, हा सोपा उपदेश आहे.

कायदा या बाबतीत उपदेशकांहून पुढे गेलेला दिसतो. मोटार वाहन कायदा, १९८८ मधील ११३ वे कलम म्हणते की जादा भार भरलेल्या गाडीचा चालक तिचा मालक नसेल, तर तो गुन्हा मालकाच्या माहितीने किंवा हुकमाने घडला असे न्यायालय गृहीत धरू शकते. चालक नकार देण्याच्या स्थितीत नसतो हे कायदा लिहिणाऱ्यांना ठाऊक होते. कामाच्या तासांचेही तसेच. मोटार वाहतूक कामगार कायद्याने १९६१ सालीच सर्वसाधारणपणे दिवसाला ८ तास आणि सलग ५ तासांनंतर अर्ध्या तासाची विश्रांती ठरविली होती. २०२५ च्या नोव्हेंबरात त्याची जागा नव्या श्रमसंहितेने घेतली. पण रात्री दोन वाजता, चालक कितव्या तासात आहे याची नोंद कोण ठेवतो?

युरोपात ही नोंद यंत्र ठेवते. तेथील नियमानुसार साडेचार तास गाडी चालविल्यावर ४५ मिनिटे थांबावेच लागते, दिवसाला साधारणतः ९ तासांहून अधिक चालविता येत नाही, आणि गाडीतील यंत्र प्रत्येक मिनिटाची साक्ष देते. महाराष्ट्र शासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये जर्मनीतील बाडेन-वुर्टेंबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठविण्याचा करार केला. समजा, आपल्या वाड्यावरचा एखादा मुलगा उद्या तिकडे ट्रक चालवू लागला. तो वेळेवर झोपेल. त्याची सदसद्विवेकबुद्धी विमानात बसल्यावर अधिक तीक्ष्ण झाली म्हणून नव्हे. त्याच्या वतीने नाही म्हणणारे कोणीतरी त्याच्या शेजारी बसलेले असेल म्हणून. आपल्याकडे असा एकच प्रकार आम्ही पाहतो. १९९९ पासून कोकण रेल्वे भरलेले ट्रक मालगाडीवर चढवून कोलाड ते वेर्णे नेते. मडुऱ्यावरून ती गाडी जाते तेव्हा ट्रकच्या केबिनमधले चालक गाढ झोपलेले असतात. घाई करायला त्यांना कोणी सांगू शकत नाही.

चालकाला घाई करायला कोण सांगतो, हा प्रश्न मालकापाशी थांबत नाही. पोप जॉन पॉल दुसरे यांनी 'लाबोरेम एक्सेर्सेन्स' या १९८१ च्या परिपत्रकात 'अप्रत्यक्ष मालक' अशी कल्पना मांडली आहे. कामगाराला प्रत्यक्ष कामावर ठेवणाऱ्या मालकाच्या मागे ज्या संस्था, ज्या व्यवस्था, जी माणसे त्याच्या अटी ठरवीत असतात, त्यांच्याही माथी जबाबदारी आहे. आपल्या कलमांवरचा हापूस वाशीच्या बाजारात पहाटे पोचला नाही तर भाव पडतो, म्हणून संध्याकाळी पेट्या भरताना 'रातोरात गाडी पोचव' असे आपणच सांगतो. पावसापूर्वी घराचा चौथरा व्हावा म्हणून चिऱ्याच्या गाडीमागे आपणच तगादा लावतो, आणि एका खेपेत जास्त चिरे आले तर मनातून सुखावतो. खेपेवर मजुरी ठरविली की वेग विकत घेतला जातो. गोव्याच्या खाणपट्ट्यात हे साऱ्यांनी पाहिले: खेपांच्या हिशेबाने धावणारे खनिजाचे ट्रक, त्यांच्या धुळीतली गावे, आणि मग २०१२ व पुन्हा २०१८ साली खाणी बंद झाल्यावर दारांत उभे राहिलेले तेच ट्रक. ज्यांना धावण्याखेरीज दुसरे काही शिकविले नव्हते, ते चालकही मग तसेच उभे राहिले.

अपघाताविषयीही हेच म्हणावे लागते. जखमीला सोडून पळणारा चालक आपल्या दृष्टीने राक्षस असतो. यरीहोच्या वाटेवरचा दयाळू शोमरोनी थांबला, म्हणून तो आपल्याला प्रिय. पण त्या शोमरोनीच्या भोवती काठ्या घेतलेला जमाव नव्हता. १९८८ च्या कायद्यातील १३४ वे कलम चालकाने जखमीला वैद्यकीय मदत मिळवून द्यावी असे सांगते, आणि जमावाच्या क्षोभामुळे ते अशक्य झाल्यास त्याला सूट देते. जानेवारी २०२४ च्या आरंभी नव्या न्यायसंहितेतील १० वर्षांपर्यंतच्या शिक्षेविरुद्ध चालकांनी चक्का जाम केला आणि पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या, तेव्हा त्यांना माणुसकी नाही असे आपल्यांपैकी अनेकजण बोलले. नंतर ते कलम शासनाने तूर्त लागू केले नाही. चालकाने थांबावे, हे आम्हीही म्हणतो. त्याला थांबता यावे म्हणून बांद्याच्या चौकात काठी खाली ठेवणारे हात मात्र आपलेच असावे लागतील.

तेव्हा साहाय्यनिधीच्या बैठकीत आम्ही एक सूचना मांडली. फी द्यावी, विनातक्रार द्यावी. पण तिच्याबरोबर निधीचा काही भाग वेगळा ठेवावा. आपल्या तरुणाने जादा भार, निद्रेविना फेरी किंवा संशयास्पद माल नाकारला आणि त्यापायी त्याची नोकरी गेली, तर दुसरे काम मिळेपर्यंत दोन महिन्यांचा घरखर्च त्याला या भागातून द्यावा. शिवाय आपल्या धर्मग्रामात ज्यांचे स्वतःचे ट्रक व डंपर आहेत त्या पाच-सहा कुटुंबांशी बोलावे, आणि पेट्या पाठविणाऱ्या बागायतदारांशीही. यांपैकी काहीजण त्याच बैठकीत बसले होते. खोलीत थोडा वेळ शांतता पसरली.

मग एका ज्येष्ठ सभासदांनी आक्षेप घेतला, आणि तो वजनदार आहे. मुलाने खरोखर नकार दिला म्हणून नोकरी गेली, की दारू पिऊन कामावर आला म्हणून गेली, हे ठरविणार कोण? मालक एक सांगणार, मुलगा दुसरे. आम्ही म्हटले की सुरुवातीला मुलाच्या शब्दावर विश्वास ठेवावा. दोन-चार वेळा फसवणूक झाली तर तेवढी झळ निधीने सोसावी. त्यांचे समाधान झाले नाही. निधी गरिबांच्या रविवारच्या दानातून उभा राहतो, तो फसवणुकीसाठी नाही, असे ते म्हणाले, आणि तेही खरे आहे. पुढील बैठक आंब्याच्या हंगामापूर्वी आहे. तोवर फीचे तीन अर्ज मंजूर झाले आहेत.