भावंडांना एकत्र शिकवावे की वेगवेगळे?

मुले घरीच शिकत असतील, तर हा प्रश्न कधी ना कधी येतोच. थोरला भागाकारात अडखळतो, धाकटी शेजारून उत्तर सांगून मोकळी होते आणि थोरल्याचा चेहरा उतरतो. अशा वेळी आपण काय करावे?

चेन्नईच्या अड्यार येथे १९३९ साली थिऑसॉफिकल सोसायटीच्या निमंत्रणावरून मारिया माँटेसरी आल्या आणि त्यांनी शिक्षकांना प्रशिक्षण दिले. त्यांच्या पद्धतीत तीन ते सहा वर्षांची मुले एकाच वर्गात बसतात. पण प्रत्येक मूल आपापले साहित्य घेऊन आपल्या गतीने शिकते. जागा एक, पाठ वेगळा.

आपल्या परंपरेतही हेच दिसते. थोरले निवृत्तिनाथ ज्ञानदेवांचे गुरू झाले. पण ज्ञानदेव उद्विग्न होऊन ताटी लावून बसले, तेव्हा त्यांची समजूत काढली ती सर्वांत धाकट्या मुक्ताबाईंनी. त्यात ज्ञानदेवांना कमीपणा वाटला नाही.

म्हणून गणित आणि वाचन ज्याचे त्याला द्यावे. प्रार्थना, गोष्ट आणि सेवा सर्वांनी मिळून करावी. वेगळे शिकवण्यात आपला वेळ अधिक जाईल, तो द्यावा. समान प्रेम म्हणजे समान पाठ नव्हे.

मात्र एक लक्षात ठेवूया. “बघ, तिला येते, तुला येत नाही” हे वाक्य आपल्या मनात असेल, तर मुलांना दोन खोल्यांत बसवूनही उपयोग नाही. आधी तुलना आपल्या मनातून जायला हवी. पालकांची साधना तिथूनच सुरू होते.