मनाचा रोजमेळ

१९३२ साली २१ फेब्रुवारीपासून १९ जूनपर्यंत, दर रविवारी, धुळ्याच्या तुरुंगात विनोबा भावे गीतेवर बोलले. अठरा रविवार, अठरा अध्याय. ऐकणाऱ्यांत बसून साने गुरुजी ते शब्द भराभर उतरवून घेत होते. ‘गीता प्रवचने’ आज आपल्यापर्यंत आली आहेत ती त्या लेखणीमुळे. पुस्तकातल्या तत्त्वज्ञानावर पुष्कळ लिहिलं गेलं आहे. इथे विचार करायचा आहे तो त्यामागच्या साध्या वेळापत्रकाचा. फेब्रुवारी ते जून हा खानदेशात उन्हाने जीव नकोसा करणारा काळ. त्यात तुरुंग. कधी उठायचं, काय खायचं, कुणाशी बोलायचं, सगळं दुसऱ्याच्या हाती. अशा ठिकाणी ‘येत्या रविवारी पुढचा अध्याय’ एवढं जरी आपलं म्हणून उरलं, तरी आठवड्याला कणा मिळतो. बोलणाऱ्याला तयारी असते, लिहिणाऱ्याच्या हाताला काम असतं, ऐकणाऱ्याला सोबत असते.

ठरलेली वेळ, हाताला काम आणि शेजारी माणूस. मन सांभाळण्याच्या ज्या सवयी आज पुस्तकांतून आणि व्हॉट्सअॅपवरून आपल्याला शिकवल्या जातात, त्यांतल्या बहुतेकींचा गाभा या तिन्हींत येतो. पण शिकवताना एक गोष्ट हमखास सुटते. या सवयी एकट्या माणसाच्या निर्धारावर फार काळ टिकत नाहीत. त्यांना घराची आणि गावाची साथ लागते.

जळगावच्या सराफ बाजारातला किंवा धुळ्याच्या आग्रा रोडवरचा जुन्या वळणाचा व्यापारी रात्री दुकान वाढवण्याआधी रोजमेळ मिळवतो. दिवाळीला वहीपूजन थाटात होतं, पण वर्षभराचा हिशेब कुणी लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी मांडायला घेत नाही. मनाच्या बाबतीत आपण नेमकं तेच करतो. झोप उडते, भूक मरते, चारचौघांत बसवत नाही, तरी ‘होईल ठीक’ म्हणत दिवस ढकलतो. धुळ्याकडे कुणी ‘कसं काय शे?’ विचारलं की ‘बरं शे’ हे उत्तर विचार न करताच तोंडातून निघतं. आणि सगळं एकदम अंगावर आलं की भगत, डॉक्टर, नातेवाईक अशी धावाधाव सुरू होते.

रोजचं रोज मिटवायचं म्हणजे काय करायचं? इथे गोव्यातला एक प्रयोग उपयोगी पडतो. डॉ. विक्रम पटेल आणि ‘संगाथ’ संस्थेच्या सहकाऱ्यांनी तिथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत नैराश्याच्या रुग्णांसाठी सहा ते आठ भेटींचा एक उपचार आखला. तो देणारे मानसोपचारतज्ज्ञ नव्हते, शिकवून तयार केलेली साधी माणसं होती. उदास माणूस म्हणतो, ‘बरं वाटलं की उठेन.’ हा उपचार त्याला सांगतो, आधी ऊठ, बरं वाटणं मागून येईल. अंघोळ, अंगणापर्यंत चालणं, बंद पडलेलं एखादं आवडीचं काम, कुणाकडे तरी जाणं, अशी छोटी छोटी कामं ठरवायची आणि मन असो वा नसो, करायची. २०१७ साली ‘लॅन्सेट’मध्ये याचे निष्कर्ष आले. नेहमीच्या उपचाराला याची जोड मिळालेले रुग्ण जास्त प्रमाणात सावरले होते.

हे वाचताना खानदेशी माणसाला आसोद्याच्या बहिणाबाई चौधरी आठवल्याशिवाय राहणार नाहीत. १८८० चा जन्म, अक्षरओळख नाही, ऐन तारुण्यात वैधव्य, पदरात मुलं, शेतीचा गाडा. जात्यावर आणि शेतात काम करता करता त्या गाणी रचत. मुलगा सोपानदेव आणि घरच्या इतरांनी ती टिपून ठेवली. १९५१ मध्ये त्या गेल्या आणि दुसऱ्या वर्षी, आचार्य अत्र्यांच्या आग्रहाने, गाणी पुस्तकात आली. ती रचताना समोर श्रोते नव्हते, छापून येण्याची आस नव्हती. हात कामात, श्वास जात्याच्या फेऱ्याला बांधलेला आणि ओठांवर आपलंच सुखदुःख. मनाच्या चंचलपणावरची त्यांची कविता शाळेत पाठ करून आपण मोकळे झालो. ती कविता ज्या तासात जन्मली, त्या तासाचा विचार कुणी केला नाही.

बहिणाबाई प्रतिभावंत होत्या. पण जात्यावर बसून मन मोकळं करणाऱ्या बाया गावोगाव होत्या. हेमा राईरकर आणि गी पॉइत्व्हाँ यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्यांत सासूची तक्रार आहे, नवऱ्याचा मार आहे, माहेरची ओढ आहे. घरात जे बोलायची सोय नव्हती, ते पहाटे जात्यावर गाऊन सांगायला मुभा होती. पिठाची गिरणी आली, पहाटेचा तो छळ संपला, हे फार चांगलं झालं. जातं परत यावं असं कुठल्याच बाईला वाटणार नाही. पण जात्याबरोबर तो पहाटेचा तासही गेला, आणि त्याच्या जागी दुसरा तास बाईला कुणी दिला नाही.

आखाजीचंही तेच. अक्षय्य तृतीयेला खानदेशातल्या लेकी माहेरी येतात, निंबाला झोके बांधले जातात, गौराईची गाणी होतात. वैशाखात शेतीच्या कामांना उसंत असते, तेव्हाच बाईला हक्काची रजा मिळावी अशी ही सोय. झोक्यावर बसून सासरचं गाऱ्हाणं गाण्यातून मांडलं तर त्याला कुणी कांगावा म्हणत नसे. आज नोकरी, मुलांच्या परीक्षा, सुट्ट्यांची ओढाताण यांत आखाजी अनेक घरांत पुरणपोळी आणि आंब्याच्या रसापुरती उरली. सण साजरा झाला, रजा गेली.

पुरुषांचं बोलणं आणखी अवघड. रावेर-यावल पट्ट्यात मे-जूनच्या वादळात हाताशी आलेली केळीची बाग तासाभरात आडवी होते. कापूस घरात पडून राहतो आणि भाव चढायची वाट बघण्यात झोप जाते. टपरीवर चहा घेताना भावाची, विम्याची, पुढाऱ्यांची चर्चा तासन्‌तास होते. स्वतःची होत नाही. छातीत धडधडतं, डोकं जड असतं, पित्त होतं, अशा शरीराच्या तक्रारी घेऊन माणूस डॉक्टरकडे जातो, पण रात्रभर जागा असतो हे सांगत नाही.

तरीही पुरुष बोलतात, फक्त त्यांना आडोसा लागतो. दिवाळी सरली की खानदेशात भरिताचे दिवस येतात. शेतात कपाशीच्या नाहीतर तुरीच्या वाळल्या काड्यांचा जाळ करून मोठी हिरवी वांगी भाजतात. गरम वांग्याची साल सोलायला चार-पाच जण भोवती बसतात, बोटं भाजतात, कुणी मिरच्या-लसूण ठेचतो, कुणी कांद्याची पात चिरतो. सगळ्यांच्या नजरा हातातल्या कामाकडे. आणि अशा वेळी एखादा वर न बघता म्हणून जातो, की यंदा सोसायटीचं कर्ज फिटायचं नाही, रात्री डोळा लागत नाही. कुणी त्याच्याकडे रोखून बघत नाही, सल्ला देत नाही. ‘माझंही तसंच आहे भो,’ एवढं कुणीतरी म्हणतं. समोरासमोर खुर्च्या टाकून ‘बोल, काय त्रास आहे?’ असं विचारलं असतं तर तोच माणूस उठून गेला असता.

झिम्बाब्वेतल्या हरारे शहरात डॉ. डिक्सन चिबांडा यांनी २००६ पासून अशाच आडोशाचं काम उभं केलं. दवाखान्याच्या आवारात बाक ठेवले आणि त्यांवर शिकवून तयार केलेल्या आज्या बसवल्या. माणसं येऊन त्यांच्याशी बोलू लागली. बाक आणि आजी यांची आपल्याकडे वानवा नाही. पण नव्या कॉलन्यांत ओटे गेले, त्यांच्या जागी कंपाउंडच्या भिंती आणि लोखंडी फाटकं आली.

खानदेशात मनाच्या सवयींचा विचार हवामान सोडून करता येत नाही. जळगाव-भुसावळला मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. पूर्वी धाब्याच्या घरांवर उन्हाळाभर माणसं झोपत, पहाटेचा गारवा अंगावर घेत. आता स्लॅब रात्रभर तापलेला राहतो, कूलर विजेच्या भरवशावर, आणि झोप येत नाही म्हणून हातात मोबाईल. झोप मोडली की चिडचिड वाढते, काळजीला तोंड फुटतं, हे सांगायला डॉक्टर नको. म्हणून इथल्या माणसाने पहिली सवय लावायची ती उठण्याची वेळ बांधण्याची. रात्र कशीही गेली तरी सकाळी ठरल्या वेळी उठून उन्हाच्या आत चालून यायचं, मग ते मेहरूण तलावाकाठी असो, पांझरेच्या काठाने असो की शेताच्या बांधावरून. मोबाईल दुसऱ्या खोलीत चार्जिंगला लावायचा. आणि ‘झोप लागावी म्हणून थोडी घेतो’ हे खूळ सोडायचं. दारूने डोळा लागतो, पण झोप तुटक होते आणि पहाटेची उदासी जास्त बोचते.

सवय लागायला एकवीस दिवस पुरतात, असं सर्रास सांगतात. लंडनमध्ये फिलिपा लॅली यांनी २०१० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात नवी सवय अंगवळणी पडायला साधारण ६६ दिवस लागले, आणि माणसागणिक हा काळ १८ पासून २५४ दिवसांपर्यंत बदलला. मधला एखादा दिवस चुकल्याने फारसं बिघडलं नाही. तेव्हा खाडा झाला म्हणून सोडून देऊ नये.

एवढं सांगून थांबलं तर मात्र ती लबाडी होईल. अमळनेरच्या छात्रालयात मुलांसाठी हस्तलिखित दैनिक चालवणारे, तुरुंगात भराभर लिहिणारे, अखंड माणसांत वावरणारे साने गुरुजी यांनी जून १९५० मध्ये स्वतःचं आयुष्य संपवलं. लेखन, सेवा, प्रार्थना, प्रेम करणारी माणसं, सगळं त्यांच्याजवळ होतं. त्यांच्या मनात काय चाललं होतं यावर तर्क लढवण्याचा अधिकार आपल्याला नाही. पण चांगल्या सवयी म्हणजे अभेद्य कवच, असं त्यांच्या स्मृतीसमोर उभं राहून कुणी म्हणू नये. खचलेल्या माणसाला ‘तू चालत नाहीस, ध्यान करत नाहीस, म्हणून असं झालं’ म्हणणं हा तर दुहेरी मार आहे.

२०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात बारा राज्यांत पाहणी झाली. साधारण दहा प्रौढांमागे एकाला त्या वेळी मानसिक आजार होता, आणि बहुतेक आजारांत ७० ते ९२ टक्के रुग्णांना उपचार मिळत नव्हते. उदासी दोन आठवड्यांहून अधिक रेंगाळली, कामावरून मन उडालं, मरणाचे विचार येऊ लागले, तर सवयींच्या भरवशावर राहू नये. धुळे आणि जळगाव दोन्हीकडे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं आहेत. ऑक्टोबर २०२२ पासून ‘टेलिमानस’ची १४४१६ ही मोफत दूरध्वनी सेवा आहे, मराठीतही बोलता येतं. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असं गृहीत धरलं आहे. त्याला शिक्षेची नाही, मदतीची गरज आहे, हे आता कायदाच म्हणतो.

उरतो प्रश्न साथीचा. सकाळी अर्धा तास चाल, असं सुनेला सांगणाऱ्या घरात त्या अर्ध्या तासातला चहा कोण करतं? मन मोकळं कर, असं शेतकऱ्याला सांगणाऱ्या गावात त्याचं बोलणं टपरीवर पोहोचणार नाही, ही खात्री कोण देतं? रात्री अभ्यास पुरे, झोप, असं मुलाला म्हणणारा बाप निकालाच्या दिवशी त्या शब्दाला जागतो का? बहिणाबाईंना पहाटेचा तास कुणी प्रेमाने दिला नव्हता, तो कष्टातून सुटून त्यांच्या वाट्याला आला होता. आज घरात यंत्रं आहेत, वेळ वाटून घेता येतो. तेव्हा दुसऱ्याला सवयी लावायला निघालेल्याने आधी आपल्या घरात कुणाचा कोणता तास मोकळा करायचा, ते ठरवावं.