मृगयेची वेळ

एखाद्याला पुरते ओळखायचे असेल तर त्याच्यावर प्रेम करावे लागते, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. आई मुलाला ओळखते, गुराखी गायीला ओळखतो, माळी झाडाला ओळखतो. पण या मालिकेत आणखी एक माणूस बसतो, आणि त्याचे नाव घ्यायला आपण कचरतो. तो म्हणजे शिकारी. हरिण कोठे निजते, केव्हा उठते, कोणत्या वाटेने चरायला जाते, कशाला भिते, हे त्याच्याइतके दुसऱ्या कोणाला ठाऊक नसते. हे सारे ज्ञान तो अखेर एका गोळीत भरतो. मग हे ज्ञान कोणत्या जातीचे म्हणायचे? ओळखणे आणि मारणे ही दोन्ही एकाच मनात सुखाने नांदू शकतात काय?

मी बंदूक कधी हातात धरलेली नाही. आपल्याकडे १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि १९९१ सालची त्यातली दुरुस्ती यांनी हा प्रश्न मिटवून टाकला आहे. पण कायद्याने मिटलेला प्रश्न मनातही मिटतोच असे नाही. माझा एक जुना विद्यार्थी अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यात नोकरीला आहे. त्याच्या शेजारी एक म्हातारा शिकारी राहतो. त्याच्या गोष्टी हा मला लांबलचक पत्रांतून कळवतो. त्या पत्रांनी मला पुस्तकांकडे नेले, आणि पुस्तकांनी या प्रश्नाकडे.

तिकडचे हरिण म्हणजे पांढऱ्या शेपटीचे हरिण. भ्याले की ते शेपटी उभी करते आणि खालची पांढरी बाजू निशाणासारखी फडकवीत पळते. आपल्या चितळ-सांबरांप्रमाणे याच्याही नराची शिंगे दर वर्षी गळतात आणि पुन्हा उगवतात. उन्हाळाभर त्यांवर मखमलीसारखी लव असते. उन्हाळा सरता सरता ती झडते, आणि नर झाडांच्या बुंध्यांवर शिंगे घासू लागतो. दीड वर्षाचा नर उतावळा असतो, तो बंदुकीपुढे सहज येतो. पण चार-पाच वर्षांचा झालेला नर ही निराळीच चीज आहे. तितके हिवाळे आणि तितके शिकारीचे हंगाम चुकवून तो जगलेला असतो. दिवसा तो दाट झुडपात बसून राहतो आणि अंधार पडल्यावरच उघड्यावर येतो. एखाद्या जागी माणसाचा वास दोनदा आला, तर त्या जागेला तो उजेडात फिरकत नाही. अशा नराची शिकार ही तिकडे एक स्वतंत्र विद्याच मानली जाते.

या विद्येचा पहिला धडा वारा. हरणाचे डोळे चुकवता येतात. शिकाऱ्याने कायद्याप्रमाणे घातलेला भडक नारिंगी अंगरखा त्याला आपल्यासारखा भडक दिसतही नाही. पण त्याचे नाक चुकवता येत नाही. म्हणून वारा हरणाकडून आपल्याकडे येईल अशाच जागी मचाण बांधायचे. तेवढ्यानेही भागत नाही. पहाटे गार हवा उतारावरून खाली ओघळते. ऊन चढले की तीच हवा वर सरकू लागते. सकाळी सुरक्षित असलेली जागा दहा वाजता घात करते. शिवाय जुना नर एखाद्या जागी सरळ येत नाही; वाऱ्याच्या खालच्या अंगाने वळसा घालतो, सगळे हुंगतो, मग पाऊल टाकतो. तेव्हा त्याच्या वळशाचाही हिशेब आधीच करावा लागतो.

दुसरा धडा दूर राहण्याचा. हंगाम संपल्यावर, बर्फ वितळत असताना, शिकारी रान पायाखाली घालतो. साल निघालेले बुंधे, खुरांनी उकरलेली माती, तिच्यावर लोंबणारी चघळलेली फांदी, गळलेली शिंगे, हे सारे तो मनात टिपून ठेवतो. मग महिनेच्या महिने तो तिकडे जात नाही. मचाणावर जायची आणि उतरायची वाटही हरणाच्या वाटेला छेद न देणारी असावी लागते. वारा बरोबर नसेल तर त्या दिवशी घरी बसायचे. आणि समोर कोवळे नर आले तर त्यांना जाऊ द्यायचे. मानेची जाडी, पोटाचा झोल, पाय आखूड दिसतात की लांब, एवढ्यावरून वय ओळखायचे आणि बोट घोड्यावरून काढून घ्यायचे. म्हातारा शेजारी एकेका हंगामात दहा-दहा नर सोडून देतो, असे माझ्या विद्यार्थ्याने लिहिले होते.

हे वाचताना मला त्या माणसाविषयी आदर वाटला, हे मी लपवीत नाही. वास नाही, आवाज नाही, हालचाल नाही. रानात आपण नाहीच असे होऊन बसायचे. थंडीत तासन् तास आपला अहंकार असा पुसून बसणारी माणसे शहरात किती सापडतील?

पण तिसरा धडा आला आणि मी थबकलो. एवढे सावध जनावर दिवसाउजेडी बाहेर येते ते वर्षातून एकदाच, माजाच्या काळात. दिवस लहान होऊ लागले की नोव्हेंबरात उत्तरेकडच्या रानांत हा काळ येतो. नर खाणे जवळजवळ सोडतो. वजनाचा चौथा-पाचवा हिस्सा गमावतो. मादीच्या वासामागे तो भर दुपारी, उघड्या रानातून, आयुष्यभराची सावधगिरी विसरून धावतो. शिकाऱ्याची सारी तयारी या काही दिवसांसाठी असते. दोन झाडोऱ्यांमधल्या अरुंद पट्टीत तो बसतो, कारण माद्या शोधणारा नर तिथूनच जाणार. जुनी शिंगे एकमेकांवर आपटून तो दोन नरांच्या झुंजीचा आवाज काढतो, म्हणजे तिसरा ईर्ष्येने धावत यावा. माजावर आलेल्या मादीचा वास तो चिंध्यांवर शिंपडतो. वाऱ्याने, भुकेने, भीतीने जो फसला नाही तो प्रेमाने फसतो.

याचे समर्थन कसे करतात, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. पहिले समर्थन संख्येचे. १९०० च्या सुमारास ही हरणे साऱ्या अमेरिकेत पाच लाखांच्या आसपासच उरली होती. आज ती तीन कोटींच्या घरात असावीत असा अंदाज आहे. ही वाढ घडवण्यात शिकाऱ्यांचा मोठा वाटा आहे. १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याने बंदुका आणि काडतुसे यांवरचा कर वन्यप्राण्यांच्या कामी लावला. आता बऱ्याच प्रांतांत लांडगे उरले नाहीत, आणि माणसाने हरणे मारली नाहीत तर ती रानातली रोपे खाऊन रानच संपवतील. विस्कॉन्सिनच्याच विद्यापीठात शिकवणारे आल्डो लिओपोल्ड यांनी हे फार पूर्वी ओळखले. ते स्वतः शिकारी होते. तरुणपणी त्यांनी एक लांडगी मारली, आणि तिच्या डोळ्यांतली विझत जाणारी हिरवी ज्योत पाहून आपले काहीतरी चुकते आहे असे त्यांना वाटले, हे त्यांनी १९४९ साली, त्यांच्या मृत्यूनंतर, निघालेल्या पुस्तकात नमूद केले आहे. पुढे हरणांची संख्या आवरायला माद्याही माराव्या लागतील असे ते म्हणाले, तेव्हा लोकांचा रोष त्यांच्यावर ओढवला.

पण लिओपोल्ड यांच्या या म्हणण्यातच या समर्थनाचे उत्तर आहे. संख्या माद्या मारून आवरते. एक नर अनेक माद्यांना पुरतो. पाच वर्षांचा एक नर पडला म्हणून पुढल्या वर्षी पाडसे कमी होत नाहीत. दुसरे समर्थन मांसाचे. तेही येथे लंगडे पडते, कारण मांसच हवे तर कोवळे हरिण अधिक बरे. तेव्हा जुन्या नरामागे लागणारा शिकारी रानासाठी नाही आणि ताटासाठीही नाही. तो त्या शिंगांसाठी आणि त्या अवघडपणासाठी लागतो. म्हणूनच त्याचे खरे समर्थन तिसरे आहे: न्याय्य पाठलाग. थिओडोर रुझवेल्ट यांनी १८८७ साली काढलेल्या बून अँड क्रॉकेट क्लबाने हा विचार रूढ केला. जनावर मोकळे असावे, कुंपणात कोंडलेले नसावे, त्याला निसटून जायची खरीखुरी संधी असावी. शिंगे इंचांनी मोजून नोंदी ठेवणारा हा क्लब कुंपणातल्या हरणाची नोंद घेत नाही. मला हा नियम फार मोलाचा वाटतो. फक्त एक शंका राहते. माजाच्या दिवसांत त्या नराभोवती कुंपण नसते, हे खरे. पण त्याची पळण्याची बुद्धीच निसर्गाने काढून घेतलेली असते. मग ती संधी उरली कोठे?

हा प्रश्न आपल्याला नवा नाही. महाभारतात पांडू राजा रानात रममाण झालेल्या मृगयुगुलावर बाण सोडतो. तो मृग म्हणजे हरणाचे रूप घेतलेला किंदम ऋषी असतो. पांडू वाद घालतो, की राजाने मृग मारणे हा धर्मच आहे, अगस्त्यानेही ते केले होते. किंदमाचे उत्तर विलक्षण आहे. मृग मारलास याचा दोष मी तुला देत नाही, असे तो म्हणतो. तू वेळ पाहिली नाहीस, हा तुझा अपराध. ही गोष्ट मी नववीच्या वर्गात सांगत होतो, तेव्हा मागच्या बाकावरची एक मुलगी उठून म्हणाली, “गुरुजी, पांडू थोडा वेळ थांबला असता, आणि मग मारलं असतं, तर चाललं असतं का? हरीण तर मेलंच असतं.” वर्ग हसला. मी तिला म्हणालो, “हरणाला फरक पडला नसता. पांडूला पडला असता.” उत्तर देऊन झाल्यावर मला वाटले, हरणालाही कदाचित पडला असता, कारण तेवढ्यात ते सावध झाले असते.

मी मांसाहारी आहे. रविवारी खाटकाच्या दुकानापुढे रांगेत उभा असतो, आणि टांगलेल्या बोकडाने आयुष्यात काय पाहिले, हे मी विचारीत नाही. तेव्हा त्या म्हाताऱ्यापेक्षा माझे हात स्वच्छ आहेत, असे म्हणण्याचा अधिकार मला नाही. उलट त्याने हरणासाठी वर्षभर जेवढे लक्ष दिले, तेवढे मी माझ्या ताटातल्या कोणत्याच जिवाला दिलेले नाही. माझी शंका मारण्याविषयी नाही, ज्ञानाच्या उपयोगाविषयी आहे. दुसऱ्याला ओळखण्याचे दोन उपयोग असतात. एकाने आपण त्याच्यापुढे लहान होतो: वाऱ्याला मान देतो, वाट सोडतो, कोवळ्याला जाऊ देतो. दुसऱ्याने आपण त्याच्या उत्कट क्षणाची वाट पाहत बसतो. मुलीच्या लग्नाची तारीख ठाऊक असलेला सावकार हेच करतो. माणसांची दुखणी हेरून ती कागदावर मांडणारे आम्ही कादंबरीकारही या प्रश्नातून सुटत नाही. पात्राच्या भल्यासाठी आपण त्याला ओळखतो, की पान रंगावे म्हणून, हे प्रत्येक लेखकाला विचारता येईल.

पांडूची गोष्ट मी विद्यार्थ्याला लिहून पाठवली. त्याने ती म्हाताऱ्याला सांगितली. म्हातारा बराच वेळ गप्प राहिला आणि मग म्हणाला, “तुमच्या राजाने थांबायला हवे होते, हे खरे. पण थांबला असता, तर हरीण गेले असते.”

यापेक्षा खरे उत्तर शिकाऱ्याकडून मिळणार नाही. हरीण गेले असते. न्याय्य पाठलागाची सारी कसोटी त्या तीन शब्दांत आहे, कारण जनावराला निसटायची संधी द्यायची म्हणजे आपल्या हातून ते निसटू द्यायची तयारी ठेवायची. इतर दिवशी ती संधी वारा देतो, अंधार देतो, हरणाचे नाक देते. माजाच्या दिवसांत यातले काहीच त्याच्या कामी येत नाही; त्या दिवसांत ती देणारा एकटा शिकारीच उरतो. दहा कोवळ्या नरांना जाऊ देणाऱ्या हाताला हे अशक्य आहे, असे मला वाटत नाही.