तबल्यावर कोण होतं?

कपाटातल्या सगळ्या सीड्या आज काढू नका. एकच काढा. शक्यतो अशी, की जिच्यात एकच राग तासभर मांडलेला आहे आणि जी बरीच वर्षं वाजलेली नाही. घाई कशाचीच नाही. ड्राइव्हला तासाभराचं गाणं उतरवायला काही मिनिटं पुरतात. त्याची गती त्याच्यापाशी. आपण विलंबितात जाऊ.

डबी उघडा. मधल्या दातांवर अंगठा दाबून तबकडी कडेने उचला आणि छापील बाजू आपल्याकडे ठेवून दिव्यासमोर धरा. सुईच्या टोकाएवढे उजेडाचे ठिपके दिसतात का ते सावकाश बघा. दिसले, तर तिथलं अ‍ॅल्युमिनियम गेलं. आपण आयुष्यभर जपली ती खालची, चकाकणारी बाजू. सीडीची जाडी १.२ मिलिमीटर, त्यातली जवळजवळ सगळी जाडी पारदर्शक पॉलिकार्बोनेटची, आणि लेझर त्यातून आरपार जाऊन वर पोहोचतो. गाणं आहे ते वर, छपाईच्या लगेच खाली, लाखेच्या एका पातळ थराआड. ज्या बाजूवर बॉलपेनने निर्धास्त नावं लिहिली, नाजूक ती होती. खालचे चरे पुष्कळदा पुसता येतात. वरचा पत्रा गेला की गेला.

आता धूळ पुसा. मऊ सुती फडकं, मधल्या भोकापासून कडेकडे, सरळ रेषेत. गोल फिरवू नका. गाण्याची वाट गोल आहे, त्यामुळे गोल ओरखडा तिच्यावरून लांबपर्यंत सोबत चालतो. आडवा ओरखडा तिला ओलांडून निघून जातो.

या वाटेवर थोडं थांबू. ग्रामोफोनची सुई कडेवरून आत जायची. इथे सुरुवात आतून, भोकाजवळून, आणि शेवट कडेला. दोन वळणांमधलं अंतर १.६ मायक्रॉन. पूर्ण भरलेल्या सीडीतली ही वाट उलगडली, तर पाच किलोमीटरच्या पुढे भरते. तिच्यावरून सेकंदाला ४४,१०० वेळा आवाजाचं माप घेतलेलं, डाव्या कानासाठी वेगळं, उजव्यासाठी वेगळं. १९८२ साली फिलिप्स आणि सोनी यांनी हे बाजारात आणलं, तेव्हा एका तबकडीवर सुमारे ७४ मिनिटं मावत होती. तीन मिनिटांच्या ७८ आरपीएम रेकॉर्डमध्ये ख्याल कोंबणाऱ्या गवयांच्या पिढ्या आठवा. लाँगप्लेची बाजूसुद्धा वीस-बावीस मिनिटांत उलटावी लागे. इथे बडा ख्याल, छोटा ख्याल आणि वर तराणा, हे सगळं न उठता ऐकायची सोय झाली.

तबकडी ड्राइव्हमध्ये ठेवा. आवाज ऐका, आधी घूं, मग स्थिर भणभण. प्लेअरमध्ये वाजणारी सीडी आणि संगणकात उतरणारी सीडी यांत एक फरक आहे, तो मनात घोळवण्यासारखा आहे. सीडीवरची माहिती सलग लिहिलेली नसते. वर्षाचं धान्य एकाच घरी न ठेवता चार घरी विभागून ठेवावं, तसे एका क्षणाचे तुकडे पुढेमागे विखुरलेले असतात आणि सोबत पडताळणीचे आकडे असतात. म्हणून वाटेवरचा दोनेक मिलिमीटरचा भाग पार नाहीसा झाला, तरी मूळ आवाज हिशेबाने जसाच्या तसा परत मिळतो. त्याहून जास्त गेलं की प्लेअर आजूबाजूच्या मापांवरून अंदाज बांधतो आणि ऐकणाऱ्याला पत्ताही लागू न देता पुढे जातो. आपल्या लाडक्या तानेतला एखादा कण गायकाचा नसून यंत्राच्या अंदाजाचा असेल! उतरवून घेताना मात्र अंदाजावर भागवू नये. एग्झॅक्ट ऑडिओ कॉपीसारखं सॉफ्टवेअर तीच जागा पुन्हा पुन्हा वाचतं, ताडून बघतं, अडलं तर वेग कमी करतं. पडद्यावरची प्रगतीची पट्टी एका जागी थबकली तर वैतागू नका. थबकू द्या.

कशात उतरवायचं, याचा फार काथ्याकूट नको. फ्लॅक. २००१पासून चालत आलेला, कुणालाही फुकट वापरता येणारा प्रकार. फाइल साधारण निम्म्या-साठ टक्क्यांवर येते आणि आवाजाचा एक कणही टाकला जात नाही. एमपी३ काय करतो? मोठ्या आवाजाच्या सावलीत जे लहान आवाज आपल्या कानाला सहसा कळणार नाहीत असं गणित सांगतं, ते सोडून देतो. गाडीत भावगीतं लावायला माझी काही हरकत नाही. पण तानपुरा हा बराचसा सावलीतच राहणारा आवाज आहे. डोळे मिटा आणि आठवा: ताना संपतात, गायक दम घेतो, आणि जवारीचा तो बारीक झणत्कार पुढे येतो. तो आत्ताच आला नव्हता, तासभर तिथेच होता.

आणखी एक. कंपन्यांनी पुष्कळदा विलंबित आणि द्रुत यांचे वेगळे ट्रॅक पाडले. पाडले म्हणजे फक्त आकड्यांनी. तानपुरा त्या सीमेवरून अखंड वाहत असतो. एमपी३ची फाइल मुळात पुढेमागे किंचित रिकामी जागा घेऊन तयार होते, आणि साध्या प्लेअरवर नेमका त्या सांध्यावर तानपुऱ्याला उचकी लागते. फ्लॅकमध्ये ही भानगड नाही. सीडी उतरली की सगळ्यात आधी हा सांधा ऐका. तिथे काहीच ऐकू येऊ नये, हीच परीक्षा.

आता पडद्याकडे बघा. ट्रॅक एक, ट्रॅक दोन, ट्रॅक तीन. बस. गाणं आलं, गाणारा आला नाही. बहुतेक सीड्यांवर नाव म्हणून काही नोंदलेलंच नसतं. असते ती फक्त कुठला ट्रॅक कुठे सुरू होतो याची जंत्री. सॉफ्टवेअर त्या जंत्रीवरून तबकडी ओळखतं आणि म्युझिकब्रेन्झसारख्या जाहीर साठ्यातून कुणीतरी भरून ठेवलेली नावं आणतं. आपल्या सीड्यांची नावं आली तर रोमन लिपीत येतात, एकाच मालकंसाची तीन-चार रूपं घेऊन. कलाकार, अल्बम, गाण्याचं नाव, प्रकार: हे रकाने पाश्चात्त्य गाण्यांसाठी बेतलेले. राग कुठे लिहायचा? ताल? पेटीवर कोण?

इथे डबीतला कागद काढा. घडी उलगडा. मागच्या पानावर, अगदी बारीक टाइपात, बघा. हार्मोनियम, तबला, तानपुरा, स्वरसाथ. ही चार ओळींची वस्ती फाइलमध्ये आपोआप येत नाही. गायकाचं नाव कुठेही टिकेल, त्याची काळजी तुम्ही-मी करायला नको. भीमसेन जोशींमागे तबल्यावर नाना मुळे आणि पेटीवर पुरुषोत्तम वालावलकर, कुमार गंधर्वांबरोबर वसंत आचरेकर, गंगूबाई हनगल यांच्या मागून वर उठणारा तो दुसरा, कोवळा आवाज त्यांच्या मुलीचा, कृष्णा हनगल यांचा: ही माणसं त्या बारीक टाइपात राहतात. कागद हरवला की घर हरवलं.

केसरबाई केरकरांची भैरवी १९७७ साली व्हॉयेजर यानांवरच्या सोन्याचा मुलामा दिलेल्या रेकॉर्डवर चढली. केरी गावातून निघालेला तो आवाज आज आंतरतारकीय अवकाशात पोहोचलेला आहे. नासाच्या यादीत तिच्यापुढे लिहिलंय: भारत, राग, बंदिशीचे शब्द, गायिकेचं नाव, साडेतीन मिनिटं. तबलजी आणि इतर साथीदार यांच्यासाठी त्या ओळीत जागाच नाही. ठेका मात्र चालूच आहे, इतक्या लांबवर. यावर थोडा वेळ बसा. नासावर रागावण्यात अर्थ नाही. ७८ आरपीएमच्या जमान्यातल्या आपल्याच रेकॉर्डच्या चकतीवरही साथीदारांची नावं सहसा नसत.

फ्लॅकच्या फाइलची गंमत अशी, की तिच्यात हवा तो रकाना पाडता येतो आणि त्यात देवनागरी सरळ बसते. रकान्याचं शीर्षक रोमनमध्ये द्यावं लागतं, एवढंच. तर एकेक रकाना पाडा. राग. ताल. तबला. हार्मोनियम. स्वरसाथ. हाताने टाइप करा, कॉपी-पेस्ट नको. एक नाव लिहिलं की फाइल सुरू करा आणि पाच मिनिटं फक्त त्याच माणसाला ऐका. गायकाकडे कान गेला तर परत आणा. पेटी गायकाच्या किती मागे आहे? आलापात ती कुठे अजिबात गप्प बसते? समेआधीच्या मात्रांत तबला काही बोलतो की नुसता वाट मोकळी करून देतो? हे ऐकताना गाण्याचा तोल वेगळा लागतो. विलंबित एकतालात दोन मात्रांमध्ये एवढं अंतर असतं, की त्यात एका माणसाचा स्वभाव ओळखता येतो.

मग कागदाचा दोन्ही बाजूंनी फोटो काढून त्याच फोल्डरमध्ये ठेवा. फोल्डरची दुसरी प्रत दुसऱ्या हार्डडिस्कवर, आणि ती हार्डडिस्क शक्यतो दुसऱ्या घरी. हे सगळं स्वतःच्या कानांपुरतं; फॅमिली ग्रुपवर फाइली सोडायच्या नाहीत. सीडी टाकून द्यायची नाही. डबीसकट परत कपाटात.

काही डब्यांत कागद नसेल. तिथे तबल्याचा रकाना काढून टाकू नका. त्यात लिहा: माहीत नाही. मोकळा रकाना आणि ‘माहीत नाही’ यांत फरक आहे. दुसऱ्यात निदान तिथे कुणीतरी बसलं होतं, एवढी नोंद राहते. मग विचार करा, हे कुणाला ओळखू येईल. नात्यात, ओळखीत, गणेशोत्सवाच्या मैफिलींना पहिल्या रांगेत बसणारे एखादे काका अजून असतील. दुपारची झोप झाल्यावर त्यांना फोन लावा. गायकाचं नाव सांगू नका, ते त्यांना पहिल्या आलापातच कळेल. छोटा ख्याल सुरू झाल्यावरचं, तबला जरा मोकळा सुटतो तिथलं, मिनिटभर ऐकवा आणि विचारा.