ड्रायव्हरचा साठा सांभाळणाऱ्या भाचीस

चि. बाळ,


विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि कॉलेजच्या सगळ्या लॅब विंडोज ११ वर नेण्याचं काम तुझ्याकडे आलं, हे वाचून फार बरं वाटलं. डेल, एचपी, लेनोव्हो अशी वेगवेगळ्या वर्षी घेतलेली मशिन्स आणि सगळ्यांवर एकच इमेज. तू विचारतेस, सगळे ड्रायव्हर एकाच फोल्डरमध्ये टाकले तर विंडोज आपलं आपण शोधून घेईल ना? घेईल. तरीही तसं करू नकोस.

विंडोज हार्डवेअर आयडी पाहून ड्रायव्हर निवडतं. एकापेक्षा जास्त जुळले तर डिजिटल सही आणि आयडी किती नेमका जुळतो, यावरून क्रम लावतं. तिथेही बरोबरी झाली तर आधी तारीख आणि मग व्हर्जन बघतं. नियम चांगले आहेत, पण तुझ्या लॅबमध्ये कोणता ड्रायव्हर नीट चालला हे त्या नियमांना कळत नाही. एचपीसाठी आणलेला नव्या तारखेचा ऑडिओ ड्रायव्हर डेलवर जाऊन बसतो, आवाज बंद पडतो आणि त्या ढिगातून कारण शोधता शोधता दिवस जातो. निवड तुझ्या हातात ठेव.

फोल्डरची रचना साधी असू दे: आधी विंडोजची आवृत्ती, मग कंपनी, मग मॉडेल. मॉडेलचं नाव खोक्यावरून घेऊ नकोस. पॉवरशेलमधून मशिनलाच विचार आणि ते जे सांगेल तेच अक्षरशः फोल्डरला दे, म्हणजे डिप्लॉयमेंटच्या वेळी नेमका तोच फोल्डर उचलता येतो. लेनोव्हो मॉडेलच्या जागी मशिन टाइपचा कोड देतं, ओळखीचं नाव वेगळ्या ठिकाणी असतं, तेवढं लक्षात ठेव.

या तिन्ही कंपन्या आपापल्या बिझनेस मॉडेलसाठी तयार ड्रायव्हर पॅक देतात. ते त्यांच्याच साइटवरून घे. साठ्यात सेटअपची फाइल ठेवायची नाही. ती उघडून आतल्या आयएनएफ, सिस आणि कॅट फाइल एकत्र ठेवायच्या. आयएनएफमध्ये एक अक्षरही बदललंस, तर कॅटमधली सही तिला लागू होत नाही. डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळं उद्गारचिन्ह दिसलं की डिटेल्समध्ये जाऊन हार्डवेअर आयडी वाच. त्यातला व्हेन म्हणजे कंपनीचा कोड: ८०८६ म्हणजे इंटेल, १०ईसी म्हणजे रिअलटेक. एवढ्यावरून अर्धा शोध संपतो.

विनपीई, म्हणजे इन्स्टॉलेशनच्या आधी पेनड्राइव्हवरून किंवा नेटवर्कवरून सुरू होणारं छोटं विंडोज, अगदी हलकं ठेव. त्याला फक्त नेटवर्क आणि स्टोरेजचे ड्रायव्हर लागतात. इंटेलच्या अकराव्या पिढीपासूनच्या बऱ्याच मशिन्सवर बायोसमध्ये व्हीएमडी ही स्टोरेज सांभाळणारी सोय सुरू असते. तिचा ड्रायव्हर विनपीईत नसेल तर डिस्क दिसतच नाही आणि चांगली डिस्क खराब समजून लोक बदलायला काढतात.

आता सगळ्यात महत्त्वाचं. बरेचसे ड्रायव्हर कर्नलमध्ये चालतात, म्हणजे मशिनवर त्यांची पूर्ण सत्ता असते. डेलच्या फर्मवेअर अपडेटच्या साधनांबरोबर २००९ पासून जाणाऱ्या डीबीयूटिल या ड्रायव्हरमधल्या गंभीर त्रुटी २०२१ च्या मे महिन्यात उघड झाल्या. सही असलेला, नामांकित कंपनीचा ड्रायव्हर, आणि तरीही त्यातून साध्या युजरला थेट कर्नलपर्यंत वाट मिळत होती. म्हणून एकदा ठेवलेला ड्रायव्हर कायमचा असं समजू नकोस.

प्रत्येक पॅकसोबत एक छोटी टेक्स्ट फाइल ठेव: कोणत्या मॉडेलसाठी, कुठून, कोणत्या तारखेला आणला आणि का. नवा पॅक आला की आधी त्या मॉडेलच्या एकाच मशिनवर लाव, वायफाय, आवाज, स्लीप, प्रोजेक्टर तपास आणि मगच लॅबभर ने. जुना पॅक निदान एक सत्र बाजूला ठेव, म्हणजे मागे जाता येईल. मॉडेल भंगारात गेलं की त्याचा फोल्डरही काढ. "असू दे, लागेल कधी" म्हणून काही ठेवू नकोस. ज्याचं कारण तुला सांगता येत नाही, ते साठ्यात नको.

हे काम कुणाच्या डोळ्यांत भरणार नाही. पण परीक्षेच्या सकाळी सगळी मशिन्स सुरू होतात ती अशाच कामामुळे, आणि उद्या तुझ्या जागी येणाऱ्याला तुला फोन न करताही तो साठा चालवता यायला हवा. सगळ्यात जास्त संख्येने असलेलं एक मॉडेल निवड आणि त्याच्यापासून सुरुवात कर.

तुझी,
आत्या